चौकातली त्रेचाळीस माणसं

सभागृहाच्या उंच खिडक्यांतून ऊन तिरपं उतरलं आणि थेट मॉडेलच्या चौकात जाऊन बसलं. ताईने हनुवटी टेबलाच्या कडेला टेकवली, एक डोळा मिटला आणि ती आत शिरली.

ही तिची जुनी खोड. तीस वर्षं ती आर्किटेक्टांना पुठ्ठ्याच्या इमारती करून देत आली होती, आणि प्रत्येक मॉडेलमधून एकदा फिरून आल्याशिवाय तिला चैन पडत नसे. आत गेलं की बाहेरचे आवाज पाण्याखाली गेल्यासारखे मंद होत. स्पंजची झाडं हलत. पुठ्ठ्याच्या भिंती हाताला कोमट लागत.

आज मात्र चालता चालता ती दमली. चौक संपेचना. समोरच्या बाकावरचा माणूस काही केल्या जवळ येईना.

ती बाहेर आली, खिशातली पट्टी काढली आणि एका माणसाशेजारी उभी धरली. साडेआठ मिलिमीटर.

सतरा हवे होते.

मॉडेल शंभरास एक या प्रमाणातलं आणि माणसं दोनशेस एकच्या डब्यातली. पत्र्याचे दोन सारखे डबे; पुसताना झाकणांची अदलाबदल झाली असणार. चिकटवताना कळलं नाही, कारण भिंगाखाली सगळीच माणसं मोठी दिसतात. आता या बुटक्यांमुळे साठ मीटरचा चौक एकशेवीस मीटरचा वाटत होता.

आणि लोक त्यावरच भाळले होते. शहराच्या मधल्या चौकासाठी नऊ आराखडे मांडले होते. येणाऱ्या प्रत्येकाला एक लाकडी मणी मिळे; आवडलेल्या मॉडेलपुढच्या बरणीत तो टाकायचा. पहिल्या तीन बरण्या अंतिम फेरीत. तिच्या भावाची बरणी सकाळीच अर्धी भरली होती.

भाऊ सहा फूट उंच, पण घरात बारक्याच. ही त्याची आठवी स्पर्धा. आधीच्या सातांत त्याचं नाव कुठेच लागलं नव्हतं. "ही हुकली तर सोमवारपासून दुसऱ्यांचे नकाशे तपासायच्या नोकरीवर," असं त्याने घरात जाहीर केलं होतं.

ताईने त्याला खांबाआड नेलं आणि सांगितलं.

"बरं मग?" तो म्हणाला. "लोकांना आवडतोय ना?"

"त्यांना आवडलेला चौक तू काढलेलाच नाहीस, बारक्या."

"कोण पट्टी घेऊन येतंय इथे?"

"मी आले."

"तू काय, जेवणाच्या ताटातसुद्धा कोन मोजशील!" तो चिडून निघून गेला.

दुपारी दार तासभर बंद झालं. ताईने दुसरा डबा उघडला, चिमटा घेतला आणि एकेक माणूस उपटून त्या जागी दुप्पट उंचीचा लावू लागली. बाक, कारंजं, कमान. दाराशी बसलेला पहारेकरी डबा खाता खाता बघत होता.

"अहो बाई, धुतल्यासारखा आटला की तुमचा चौक!"

"आटला नाही, मामा. मापात आला."

विसावं माणूस लावताना गोंदाची बाटली कुणीतरी पुढे धरली. बारक्या. त्रेचाळिसावं लागल्यावर तो वाकला, हनुवटी टेबलाला टेकवली आणि एक डोळा मिटला. बराच वेळ तो आतच होता. ताईने त्याला हाक मारली नाही. तिथून कुणाला घाईने बोलवू नये.

"ताई," तो तसाच, हलक्या आवाजात म्हणाला, "पलीकडच्या बाकावर कोण बसलंय ते इथून ओळखू येतंय गं."

"म्हणूनच तर साठ ठेवला होतास ना?"

"विसरलोच होतो."

तो उठला, बरणी उचलली आणि नोंदणीच्या टेबलावर नेऊन सगळे मणी ओतले. "चूक आमची आहे. हे परत घ्या."

"या भावंडांची दृष्ट काढायला हवी," पहारेकरी पुटपुटला.

दार उघडल्यावर लोक आले. फार थांबले नाहीत. दोन मॉडेलं सोडून पुढच्या आराखड्यात एक भलंमोठं मैदान होतं, गर्दी तिकडे. उन्हं कलल्यावर एक आजी आल्या आणि चौकावर वाकल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "इथे मी भाजी घेत असले आणि तुम्ही तिथे टवाळक्या करत असलात, तर मला दिसेल हो!"

"मग नकोच हा चौक," आजोबा म्हणाले. आजींनी त्यांच्या हातातला मणीसुद्धा काढून घेतला आणि दोन्ही बरणीत टाकले.

संध्याकाळी मोजणी झाली. सात मणी कमी पडले. चौथा नंबर.

घरी जाताना टेम्पोच्या मागच्या बाकावर दोघांनी मॉडेल मांडीवर धरलं होतं. रस्त्यावरचे दिवे एकेक करून चौकातून सरकत होते आणि त्रेचाळीस सावल्या लांब होऊन पुन्हा पायांशी येत होत्या. ताईला डुलकी लागत होती.

"ताई."

"हं?"

"पुढच्या वेळी माणसं आधी लाव. मग मी चौक काढतो."

"आणि सोमवार?"

"सोमवारी," बारक्या म्हणाला, "डब्यांवर नावं घालू."