फोटो उत्तम आला

मी मिस्त्रीच्या मांडीतली प्लेट बोलतेय. गुडघ्याच्या जरा वर, हाडाला स्क्रूंनी आवळलेली. तुम्हाला मी दिसणार नाही, पण माझं बोलणं झोंबेल. मला कुणाची भीडभाड नाही.

कारखान्यातून निघाले ती थेट हॉस्पिटलच्या कपाटात आले. शेजारच्या खणात सळी होती. मी हाडाला बाहेरून धरते, ती हाडाच्या पोकळीत शिरून आतून धरते. दुखणं एक आणि इलाज दोन, म्हणजे सवतीच म्हणा. पण आम्ही कधी भांडलो नाही. भांडायचे डॉक्टर. सळीवाले म्हणायचे, सळीला छोटी चीर पुरते, रक्त कमी जातं. प्लेटवाले म्हणायचे, सांध्याजवळचे बारीक तुकडे प्लेटच नीट जुळवते. दोघांचंही खरं होतं. हाड कुठे आणि कसं मोडलंय ते बघून ठरवायचं, एवढंच. पण बघतो कोण? ज्याचा हात ज्यावर बसलेला, तेच त्याचं शास्त्र. पेशंट दारात यायच्या आधीच यांचं ठरलेलं असायचं.

मिस्त्री फरशी बसवणारा. जिन्याच्या पायऱ्यांना फरशी लावताना वरून कोसळला. ज्याचं पोटच गुडघ्यांवर चालतं, त्याचं नेमकं गुडघ्याजवळचंच हाड मोडलं. स्ट्रेचरवरून त्यानं एकच विचारलं, "साहेब, उकिडवं बसता येईल ना?" प्लेटवाले एक्स-रेचा फोटो उजेडात धरून बघत होते. पेशंटकडे त्यांची पाठ होती. म्हणाले, हाड तर जुळू दे आधी.

मला बसवलं. बसवलं झकास, खोटं कशाला बोलू. आता माझं काम काय, ते ऐका. मी हाड इतकं घट्ट धरते की सांधा लगेच हलवायला घेता यावा. पाय बांधून ठेवावा लागू नये, म्हणून तर मला घालायचं. आणि या शहाण्यांनी काय केलं? वरून पट्टा बांधून पाय सरळसोट आवळून टाकला. छत्री विकत घ्यायची आणि भिजू म्हणून घरात बसायचं, त्यातली गत.

कारण काय, तर तीन महिन्यांनी डॉक्टरांची परिषद होती. प्लेट बरी की सळी बरी, यावर दोघं आपापले पेशंट दाखवणार होते. तोवर एकही स्क्रू हलता कामा नये, फोटो लख्ख यायला हवा. व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या, म्हणाल्या की गुडघा आत्ताच वाकवायला हवा, नाहीतर आखडेल. साहेबांनी त्यांना गप्प बसवलं. मिस्त्रीची बायको तर साहेबांच्याही वर. मोठे डॉक्टर आहेत ते, असं म्हणत पट्टा रोज अजून काडीभर आवळायची. भेटायला येणारे नातेवाईक खिडकीशी माझा फोटो धरायचे आणि माना डोलवायचे. कशाला डोलवताय ते एकालाही ठाऊक नव्हतं.

परिषदेत माझा फोटो पडद्यावर आला. हाड सरळ, स्क्रू सरळ. सगळे वा वा म्हणाले, आणि मीही फुशारले. मग सळीवाल्यांच्या पेशंटचा, एका पोस्टमनचा फोटो आला. हाड जुळलं होतं, पण किंचित तिरकं. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

मग दोघा पेशंटना पुढे बोलावलं. मिस्त्रीची काठी निसटून खाली पडली. तो कमरेतून वाकला. पाय मागे तसाच ताठ. अर्ध्यावर अडकला. पोस्टमन सहज उकिडवा बसला, काठी उचलली आणि त्याच्या हातात दिली.

प्लेटवाले म्हणाले, येईल हळूहळू. सळीवाले म्हणाले, बघा सळीची कमाल. कमाल कसली डोंबलाची! पोस्टमनचा पाय कुणी बांधला नव्हता, पहिल्या आठवड्यापासून त्याला वाकवायला लावलं होतं. माझ्या मिस्त्रीलाही तसंच करू दिलं असतं तर तोही बसला असता. पण हे त्या सभेत कुणाच्या डोक्यात आलं नाही. चहा आला आणि सगळे उठले.

दाराशी मिस्त्रीनं व्यायामाच्या बाईंना गाठलं. "बाई, आता काही होईल का?"

"थोडा वाकेल. पूर्वीसारखा नाही."

आता तो घरी पलंगाच्या कडेला बसून गुडघा दाबतो, बायको वरून जोर लावते आणि तोंड फिरवून रडते. मोडेन पण वाकणार नाही, हा बाणा माझा, लोखंडाचा. तो त्याच्या गुडघ्याला शिकवला या लोकांनी.

माझा फोटो साहेबांच्या खोलीत चौकटीत लावलाय. तिथे गेलात तर कृपा करून वा वा म्हणू नका. एवढंच विचारा, की हा माणूस खाली बसतो का.

काल उंबऱ्याजवळची एक फरशी सुटली होती. मिस्त्री थापी घेऊन तिच्यापाशी उभा राहिला, बराच वेळ उभा राहिला. मग बायकोला म्हणाला, दुसऱ्या मिस्त्रीला बोलावून आण.