तिसरी किटली

नाकसाहेबांनी घोट तोंडात घोळवला आणि हॉटेलच्या बेसिनमध्ये थुंकला.

“हे पाणी आहे?” ते गरजले. “माझ्या ऊलाँग चहाचा खून केलाय यांनी!”

बायकोने किटलीकडे पाहिले. ही तिसरी. पहिलीत म्हणे कुणीतरी अंडी उकडली होती. दुसरीला गंज होता. तो फक्त नाकसाहेबांनाच दिसला.

तीस वर्षे चहाचे परीक्षक म्हणून काढल्यावर त्यांचे खरे नाव मागे पडून नाकच उरले होते. उद्या सकाळी स्पर्धेत त्यांच्यापुढे साठ चहामळ्यांचे साठ कप येणार होते. नाकसाहेब म्हणतील तो पहिला. कामाचा चहा ते चाखून थुंकत. प्रवासात बरोबर नेलेला आवडता ऊलाँग मात्र आजवर कधी थुंकला नव्हता.

मॅनेजर हात चोळत आला.

“साहेब, पाणी गाळलेलंच आहे.”

“मग पिऊन दाखवा!”

मॅनेजरने भीतभीत घोट घेतला. मग दुसरा. बघता बघता त्याने कप रिकामा केला.

“रागावू नका साहेब, पण दारातच फुलांसारखा वास आला. मला वाटलं, बाईंनी अत्तर लावलंय.”

“चालते व्हा!”

दार लागल्यावर नाकसाहेबांनी चहाचा डबा उघडला आणि नाक आत खुपसले, इतके की ते अडकते की काय असे बायकोला वाटले. झाकण लावले. पुन्हा उघडले.

“कधीपासून हो?” तिने विचारले.

“तीन महिने,” ते डब्यावर खेकसले. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, “उद्या शेजारी बस. चांगला कप आला की खाकर.”

“आणि मी चुकले तर? वर्षभर राबलेत हो ती माणसं.”

“मग काय दवंडी पिटू? नाक हरवलंय म्हणून?”

तिने किटलीतला उरलेला चहा आपल्या कपात ओतून घेतला. नाकसाहेबांनी खोलीत दोन येरझाऱ्या घातल्या, खुर्चीला लाथ मारली आणि फोन उचलला.

“उद्या मी येत नाही. दुसरा माणूस बघा... का म्हणजे? बायको आजारी आहे! सर्दीनं बेजार झालीये. कसलाच वास येत नाही तिला... घाबरलीये बिचारी. एकटीला कसं सोडू?”

बायकोने कप खाली ठेवला आणि फोनपर्यंत पोचेल अशी एक सणसणीत शिंक दिली.