गुलाबी न झालेला थेंब

इस्कंदरियाच्या त्या प्रयोगशाळेत उंटीण कधी कुणी आणली नव्हती, पण उंटिणीच्या दुधातलं एक प्रथिन तिथे तयार होत होतं. लोह दिसलं की ते धरून ठेवायचं आणि जंतूंना लोहावाचून उपाशी मारायचं, हे त्याचं काम. सुहेरने त्याचा जनुक यीस्टच्या पेशींत बसवला होता आणि तीन वर्षं त्या पेशींची मर्जी सांभाळली होती. "नवऱ्याची एवढी सांभाळली असतीस तर घर भरलं असतं," असं सासू येता-जाता ऐकवायची.

रमजानचा विसावा रोजा होता. सकाळी जंतूंच्या बशा उघडल्या आणि एकच कल्ला झाला. जिथे जिथे सुहेरच्या प्रथिनाचा थेंब पडला होता, तिथे जंतू साफ मेले होते. तिचे मार्गदर्शक डॉ. फिक्री कौतुकाच्या बाबतीत पक्के कंजूष, तेही टाळ्या वाजवू लागले.

"अम्म शाबान, मगरिबला रोजा सुटला की बसबूसाची मिठाई माझ्याकडून!" ते म्हणाले.

"लिहून द्या डॉक्टर," म्हातारा शिपाई म्हणाला. "मागच्या रमजानची कुनाफा अजून यायचीय."

अकरा वाजता तिचं संशोधन तपासणारी समिती येणार होती. सुहेरची दोनदा वाढवलेली मुदत आजच संपत होती. निकाल पटला तर पदवी, नाही तर यादीतून नाव कायमचं कमी.

साडेदहाला तिने समितीला दाखवायच्या खेळाची तालीम करायला घेतली. खेळ सोपा होता. पाण्यासारख्या दिसणाऱ्या प्रथिनात लोहाचा थेंब टाकला की ते लोह धरतं आणि गुलाबी होतं. तिने थेंब टाकला. काहीच झालं नाही. दुसरा टाकला. नळी उजेडात धरली. पाणी ते पाणीच.

तिने आम्ल तपासायची कागदाची पट्टी बुडवली. पट्टी लालभडक झाली. 

प्रथिनातलं जुनं लोह काढायला ते पिशवीत भरून आम्लात ठेवतात, आणि चार तासांनी आम्ल धुऊन जावं म्हणून पिशवी तिथून स्वच्छ पाण्यात हलवतात. परवा ही वेळ नेमकी घरी नेणारी बस सुटायच्या तोंडावर आली. रमजानात शेवटच्या तासाची कामं तिथे सगळेच आधी वहीत लिहून टाकायचे आणि मग करायचे. सुहेरने 'पिशवी हलवली' असं लिहिलं, आणि बसचा भोंगा ऐकून ती धावली. दुसऱ्या दिवशी वहीवर भरवसा ठेवून तिने तीच पिशवी उघडली. म्हणजे जंतू आम्लाने मेले होते. लिंबू पिळलं असतं तरी मेले असते. आणि रात्रभर आम्लात भिजून प्रथिनाची वाट लागली होती.

ती पट्टी घेऊन डॉ. फिक्रींच्या खोलीत गेली, दार लावलं आणि सगळं सांगितलं.

त्यांनी आधी दार नीट लागलंय का ते पाहिलं. मग हळूच म्हणाले, "आणखी कुणाला माहीत आहे?"

"नाही."

"मग गुलाबीचा खेळ दाखवू नकोस. बशा दाखव. नंतर प्रथिन नव्याने करू, प्रयोगही नव्याने करू. निकाल हाच येईल, माझी खात्री आहे."

"माझीही आहे. पण आलेला नाही."

"पोरी, तासाभराचा प्रश्न आहे! ते विचारतील, तू मान हलवायचीस. तोंड उघडायचीही गरज नाही."

सुहेरला हो म्हणावंसं वाटलं. फार वाटलं. घसा कोरडा पडला होता, आणि पाणी पिता येत नव्हतं.

"डॉक्टर, माझा रोजा आहे, खोटेपणाने तो वाया जाईल," ती म्हणाली. "तुमचाही आहे."

डॉ. फिक्री ताडकन उठले. ओरडणार, असं तिला वाटलं. पण ते खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

दारावर टकटक झाली. अम्म शाबानने डोकं आत घातलं. "पाहुणे आलेत. कुठे बसवू?"

मग डॉ. फिक्रींनी वळून सुहेरच्या हातातली पट्टी घेतली.

"इथेच आण," ते म्हणाले. "आणि सुहेर, तू बस खाली. ही चूक मी सांगतो."

सुहेर खुर्चीत बसली आणि इतका वेळ आवरलेलं रडू पाहुण्यांसमोरच फुटलं.