खोकी, बुटांची, नग एकतीस

सभेपुढचा दुसरा विषय होता 'रन' या इंग्रजी शब्दाचा अर्थ. पहिला विषय, स्वच्छतागृहातला गळका नळ, एकमताने मंजूर झाला होता.

डॉ. बोगुमिला साविट्स्काने चहाचा पेला इतका घट्ट धरला होता, की तिची बोटं पांढरी पडली होती. पोलंडमधल्या तोरुन शहरातल्या या लहानशा प्रकाशन संस्थेत ती बावीस वर्षं इंग्रजी-पोलिश शब्दकोश करत होती. शब्दाच्या प्रत्येक अर्थाला एक कार्ड, कार्डं बुटांच्या खोक्यांत, खोकी कपाटात. आठ महिन्यांपूर्वी नवे अध्यक्ष आले, कोर्नेल, वय वर्षं चौतीस. त्यांना शब्दकोश मोबाइलवर आणायचा होता. पडद्यावरच्या चौकटीत एकच शब्द मावतो, तेव्हा एका इंग्रजी शब्दाला एकच पोलिश शब्द. आणि तो कोणता, हे कर्मचाऱ्यांनी मतदानाने ठरवायचं. हुकूमशाहीचे दिवस गेले, असं अध्यक्षांनी पहिल्याच सभेत बजावलं होतं.

"'पळणे'. बाजूने कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

बोगुमिला सोडून सगळ्यांचे हात वर गेले.

"डॉक्टरबाई, आजही विरोधातच?"

"इंग्रजी बोलणाऱ्यांचं नाक वाहतं, तेव्हाही ते हाच शब्द वापरतात. दुकान चालवलं तरी हाच, निवडणुकीला उभे राहिले तरी हाच, मोज्याची वीण उसवली तरी हाच. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळा शब्द आहे, साहेब. चौथीतल्या पोराने तुमच्या मोबाइलवरून भाषांतर केलं, तर त्याच्या आजीचं नाक रस्त्याने पळत सुटेल."

हिशेबनीस वांडा फिस्सकन हसली, पण अध्यक्ष हसले नाहीत हे बघून तिने त्या हसण्याचा खोकला केला.

"हिवाळ्यात माझं पळतंच की, बाई," ड्रायव्हर लेशेक म्हणाला. त्यालाही एक मत होतं. मागच्या सभेत त्याने 'सेट'साठी 'बसवणे' सुचवलं होतं, कारण त्या आठवड्यात त्याने घरी फरशी बसवली होती. सूचना मंजूर झाली होती.

"मंजूर," अध्यक्ष म्हणाले. "तिसरा विषय. जुनी कार्डं शुक्रवारी रद्दीत जातील. कपाट मोकळं करायचंय, तिथे कॉफीचं यंत्र येतंय."

बोगुमिला उठून उभी राहिली. "बावीस वर्षं! नवऱ्याला जेवढा वेळ दिला नाही, तेवढा मी 'गेट' या एका क्रियापदाला दिलाय. रद्दीत काय म्हणून? मी घरी नेते."

"नेता येणार नाही. संस्थेची मालमत्ता आहे."

"मग फेकता कशी येते?"

"फेकायला समिती असते ना," अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले. "तीन सदस्य, यादी, सह्या. आपण अनुभवी आहात. आपणच एक सदस्य व्हा. कोण बाजूने?"

हात वर गेले. आपलं आयुष्य आपल्याच सहीने रद्दीत घालायचा मान तिला बहुमताने मिळाला. तिला पेला भिंतीवर फेकावासा वाटला. पण पेल्याच्या बुडाशीही यादीतला क्रमांक चिकटवलेला होता. इथे खुर्चीला क्रमांक होता, किटलीला होता आणि दोन वर्षांपूर्वी वाळलेल्या रोपाच्या कुंडीलाही होता.

त्या क्रमांकाकडे बघता बघता तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं.

"वांडा, यादी दे," सभा संपल्यावर ती म्हणाली.

"बाई, आज माझा नामदिन आहे, माझ्या नावाच्या संताचा दिवस. आधी केक तरी खा."

"केक नंतर. यादी!"

पान एकोणीसवर नोंद होती: 'खोकी, बुटांची, नग ३१.' पुढे काही नाही. आत काय आहे, हे बावीस वर्षांत कोणाला लिहावंसं वाटलं नव्हतं. तिला आधी त्याचाच संताप आला. मग तिने यादी मिटली आणि उभ्याउभ्याच केकचे दोन तुकडे खाल्ले.

गुरुवारी दुपारी अध्यक्ष 'मोकळेपणाने संवाद' या विषयावरच्या प्रशिक्षणाला गेले, तेव्हा तिने लेशेकला गाठलं.

"बटाट्याची पोती आहेत का गाडीत?"

"सहा आहेत. बटाटे आणायचेत, बाई?"

"'पळणे'च्या बाजूने हात वर केला होतास ना? आता तेच हात इकडे लाव."

लेशेकने मान खाली घातली आणि पोती आणली. तीन जिने, सहा खेपा. "एवढे अर्थ लागतात कशाला माणसाला?" तो धापा टाकत म्हणाला. तिने पुढचं पोतं त्याच्या खांद्यावर चढवलं.

शुक्रवारी समिती कपाटापुढे उभी राहिली: अध्यक्ष, वांडा, बोगुमिला. झाकणं लावलेली खोकी एकेक करून रद्दीच्या पिंजऱ्यात गेली आणि वांडाने मोठ्याने मोजली. एकतीस भरली. यादी जुळली. वांडाने बोगुमिलाकडे बघितलं नाही, कागदाकडेच बघत राहिली.

शेवटचं खोकं अध्यक्षांनी स्वतः उचललं आणि ते थबकले.

"हलकं कसं लागतंय?"

"एका शब्दाला एकच अर्थ ठेवलात, साहेब," बोगुमिला म्हणाली. "मग वजन कुठून राहणार?"

तिने सही केली. पेन एवढ्या जोराने दाबलं, की खालच्या दोन्ही प्रती फाटल्या आणि सगळे कागद पुन्हा करावे लागले. दुसऱ्यांदाही तिने तितक्याच जोराने सही केली.