गुळगुळीत ठोकळ्याची चिमटी

घरात ती धाकटी होती, आणि बेचाळिशी ओलांडली तरी धाकटीच राहिली. लाँड्रीत पंधरा वर्षं ओल्या चादरी पिळून तिच्या हातांत अशी ताकद आली होती की शेजारपाजारच्या घट्ट बसलेल्या बरण्या तिच्याकडेच उघडायला यायच्या. दोन वर्षांपूर्वी ती व्यायामशाळेत जाऊ लागली आणि तिला चिमटीचा नाद लागला. लोखंडाचा ठोकळा अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरायचा, एकाच हाताने उचलायचा. ठोकळ्याला ना मूठ, ना कान. खाली साखळीला वजनं लटकवलेली. सगळा भार पकडीवर.

व्यायामशाळेतल्या चिमटीच्या स्पर्धेला तीन आठवडे उरले होते, आणि एका संध्याकाळी धाकटी तोंड पाडून घरी आली.

"संपलं माझं, वहिनी. घरी तेवीस किलो उचलते, तिथे विसालाच ठोकळा सटकतो. स्पर्धेसाठी नवा आणलाय. वय झालं, दुसरं काय!"

"वय घरी एक आणि तिथे एक असतं होय?" वहिनी म्हणाली.

वहिनी यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात फिनिशिंगला होती. लोखंडावरून नख फिरवलं की ते किती खरखरीत आहे हे ती सांगायची, आणि सहसा चुकायची नाही. दुसऱ्या दिवशी ती कामावरून थेट व्यायामशाळेत धाकटीकडे गेली. नवा ठोकळा कोपऱ्यात काळा कुळकुळीत चमकत होता. तिने त्यावरून नख फिरवलं. नख बर्फावरून घसरावं तसं घसरलं.

"धाकटे, हाताला दोष देऊ नकोस. हा रंगाचा प्रताप आहे! घरचा ठोकळा मीच घासलाय, कारखान्यातल्या खरखरीत घासचाकावर. त्याला बारीक बारीक चरे आहेत, तुझा खडू त्यांत जाऊन बसतो. इथे बसायला जागाच नाही."

खडू म्हणजे शाळेतला नव्हे. हाताचा घाम टिपणारी पांढरी भुकटी. पण व्यायामशाळेत सगळे तिला खडूच म्हणत.

"मग काय, रंग खरवडायचा?"

"छे! ठोकळा त्यांचा. आपण आपला गुळगुळीत करू."

त्या रविवारी वहिनीने घरचा ठोकळा आधी जाड, मग बारीक पॉलिश पेपरने घासला आणि त्याला चकचकीत काळ्या रंगाचे तीन हात दिले. तिचा नवरा, म्हणजे धाकटीचा दादा, दारातून बघत होता. "एक घासते, एक उचलते. मी काय करू?" "तू बाजूला हो, रंग ओला आहे," दोघी एकदमच म्हणाल्या.

रंग पुरता वाळायला तीन दिवस गेले. मग खरी मजा सुरू झाली. धाकटीने नेहमीसारखे दोन्ही हात खडूत बुडवले, ठोकळ्यालाही चोपडलं आणि उचलायला गेली. अठरालाच सटकला! खडू अजिबात न लावता बघितलं, तर अंगठ्याला घाम सुटला आणि ठोकळा साबणाच्या वडीसारखा निसटला. वहिनी गुडघ्यांवर बसून ठोकळ्याची बाजू निरखत होती. मध्येच ती ओरडलीच, "अगं, हे बघ! जास्तीचा खडू रंगावर सुटा पडलाय. तुझी बोटं ठोकळ्याला लागतच नाहीत, त्या भुकटीवरून घसरतात. थोडासाच घे. कातडीत चोळ, बाकीचा झटकून टाक. ठोकळा मी पुसते."

कोरड्या फडक्याने तिने ठोकळा लख्ख पुसला. धाकटीने हात चोळले, झटकले, चिमटी लावली. वीस आलं. मग एकवीस. बावीस आलं तेव्हा दोघी स्वयंपाकघरात लहान मुलींसारख्या उड्या मारत होत्या, आणि खालच्या मजल्यावरून कुणीतरी छतावर काठी ठोकत होतं.

स्पर्धेच्या दिवशी व्यायामशाळा माणसांनी फुलून गेली होती. बायकांच्या गटात सतराजणी होत्या, पण सगळ्यांचे डोळे एकीवर. ती टायरच्या दुकानात काम करायची आणि सलग तीन वर्षं पहिली आली होती. सगळे तिला टायरवालीच म्हणत.

पहिल्या दोन फेऱ्यांतच ठोकळा पिठाच्या डब्यात पडल्यासारखा पांढरा झाला. जी येई ती आणखी खडू थापे. एकविसाला चांगल्या चांगल्या बायकांच्या हातून ठोकळा सटकू लागला. धाकटीचाही पहिला प्रयत्न फुकट गेला. दर वजनाला तीन प्रयत्न, म्हणजे अजून दोन उरले होते. वहिनीने त्या पांढऱ्या ठोकळ्याकडे पाहिलं. ती उठली आणि सरळ पंच असलेल्या वस्तादांपुढे जाऊन उभी राहिली.

"ठोकळा पुसला तर चालेल?"

वस्तादांनी मिशीवर बोट फिरवलं. "नियमात मनाई नाही. पण पुसायचा तर प्रत्येकीसाठी. एकीसाठी नाही."

वहिनीने वळून धाकटीकडे पाहिलं. तीन आठवड्यांत शिकलेली गोष्ट अशी सगळ्यांना वाटून टाकायची? टायरवालीलासुद्धा?

"बघतेस काय? पूस की!" धाकटी म्हणाली. "जिंकायचं तर तिच्या पकडीशी. पिठाशी कसली कुस्ती?"

मग वहिनीच पुसणारी झाली. दर प्रयत्नाआधी फडकं फिरवायचं आणि बाजूला व्हायचं. स्पर्धेचा रंगच पालटला. एकवीस सात जणींनी उचललं. तेविसाला तिघी उरल्या, चोविसाला दोघी. टायरवालीने चोवीस असं उचललं की जणू भाजीची पिशवी. धाकटीने दात-ओठ खाऊन उचललं, पण उचललं.

"पंचवीस!" वस्ताद ओरडले.

टायरवाली पुढे आली. ठोकळा जमिनीवरून सुटला, गुडघ्यापर्यंत आला आणि धाडकन खाली गेला. तिने तीनदा जोर लावला, तिन्ही वेळा तसंच. आता धाकटीची पाळी. वहिनीने फडकं फिरवलं आणि ती बाजूला झाली.

धाकटीने हात चोळले, झटकले, चिमटी लावली. साखळी ताणली गेली. वजनं हलली, वर आली. गुडघा पार. तिची नखं पांढरीफटक पडली होती, अंगठा लटपटत होता. वहिनीने श्वास रोखून धरला. धाकटी ताठ उभी राहिली. एक क्षण, दोन क्षण...

"ठेव खाली! मान्य!" वस्ताद गरजले.

पुढचं काही वहिनीला ऐकूच आलं नाही, एवढा गलका झाला. धाकटी तिच्या गळ्यात पडली आणि दोघी डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झाल्या. टायरवाली गर्दीतून वाट काढत आली, धाकटीचा हात हातात घेऊन उलटसुलट करून बघितला आणि मग वहिनीकडे वळली. "माझा घरचा ठोकळा बघायला कधी येता?"

"उद्याच येते!" वहिनी म्हणाली.

तेवढ्यात धाकटी वस्तादांकडे वळून म्हणाली, "सव्वीस लावा."

"अगं, जिंकलीस तू. कशाला आता?"

"जिंकले म्हणून थांबायचं का?"

सव्वीस जमिनीवरून हललं, बोटभर वर आलं आणि सुटलं. धाकटी मागच्या मागे मटकन बसली आणि पोट धरून हसत सुटली. तिला उठवायला एका बाजूने वहिनीने हात दिला, दुसऱ्या बाजूने टायरवालीने.