सुलभीने बोलावलेलं लग्न

बुऱ्हाणपूरजवळच्या शाहपुरात चुडामणभाऊंच्या सुलभीने दारोदार फिरून स्वतःच्याच लग्नाचं आवतण दिलं. बाप केळीचा बागाईतदार, पोरगी एकोणीस वर्षांची. लग्न निघणारच होतं. तिने वाजंत्र्यांना सुपारी दिली, आचाऱ्याला बुंदी पाडायला सांगितली. मुलीने स्वतः आवतण देणं जरा जास्तच होतं, पण साल छप्पन्नचं होतं. जुनी राज्यं मोडून नवी होणार, नागपूरची राजधानी भोपाळला जाणार, अशी बाजारात चर्चा होती. त्यात एका पोरीने रीत मोडली तर मोडली, असं लोक म्हणाले.

आईबापाला मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आणि नवरदेव कुठेच नव्हता.

सकाळी दारात सनई वाजली तेव्हा सुलभीची आई मालूबाई भांडी घासत होती. राखेच्या हातांनीच ती बाहेर आली. मागून सुलभी आली, आईचा शालू नेसून. कितीतरी रात्री ती धड झोपली नव्हती, तरी चेहरा कसा लखलखत होता.

"नवरा कोन आहे वं?" मालूबाईने विचारलं.

"निंघाला आहे, माय. दिल्लीहून, मालगाडीत. आपली केळी तिकडे जातात, मंग डबे येतांना रिकामेच येतात ना? त्यातच बसला आहे."

चुडामणभाऊ ओट्यावरून ऐकत होते. पोरीच्या बोलण्यात एकही चूक काढता येत नव्हती, हीच तर पंचाईत होती.

तोवर पाहुणे यायला लागले होते. मालूबाईने शेजाऱ्यांच्या मदतीने सुलभीला आत नेऊन बसवलं, हात धुतले आणि बाहेर येऊन जाहीर केलं, "लगीन नही, कुलदेवीचं जेवण आहे. बसा पंगतीले." देवीला कुणी विचारलं नव्हतं, पण तिनेही तक्रार केली नाही. गाव बुंदी खाऊन गेलं आणि जाताना बोलायचं ते बोललं.

चुडामणभाऊंची बहीण आशाबाई म्हणाली, "पोरीच्या अंगात आलं आहे." तिने भगत आणला. त्याने सुलभीवरून लिंबू उतरवलं. सुलभीने ते लिंबू हिसकावलं, कापलं, सरबत केलं आणि भगतालाच पाजलं. उन्हाचा आला होता बिचारा, मुकाट्याने प्याला.

कापूस वेचणीला आला तोवर सुलभी भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंघोळ नाही, वेणी नाही. भाकरीचा घास तोंडात तसाच धरून बसायची. एकदा आईला म्हणाली, "माय, मी मेली तर तुमी सुटसान."

"मंग सरबत कोन करीन?" मालूबाई म्हणाली, आणि न्हाणीघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडली. त्या दिवसापासून तिने पोरीला एकटं सोडलं नाही.

आशाबाई मात्र खूश होती. "पाहा, कशी गरीब गाय झाली! आता उजवून टाका."

"तिच्यानं डोये उघडवत नही, अन् तुमाले अक्षता टाकायची घाई," मालूबाई म्हणाली आणि नवऱ्याला घेऊन पोरीसकट नागपूर गाठलं.

नागपूरच्या डॉक्टरने सगळं शांतपणे ऐकलं. मग आजाराचं नाव सांगितलं, इंग्रजी, लांबलचक. ते उमगलं नाही हे पाहून म्हणाला, "एकाच आजाराची दोन तोंडं आहेत. कधी मन फार वर जातं, कधी फार खाली. उपचारांनी बरी होईल. पुन्हा आजारी पडेल. पुन्हा बरी होईल."

"म्हंजे अप-डाऊन," चुडामणभाऊ म्हणाले. डॉक्टरला हसू आलं, पण त्याने मान डोलावली.

मालूबाईने खाली बघत विचारलं, "ही पोटात होती तवा चंद्राच्या गिरानात मी पपई चिरली होती. त्याच्यानं झालं का?"

"बाई, पपईचा काही दोष नाही," डॉक्टर म्हणाला. "तुमचाही नाही."

ती तिथेच, परक्या माणसासमोर, हमसून हमसून रडली. एकोणीस वर्षं तिने ती पपई कुणालाच सांगितली नव्हती.

उपचार घेऊन सुलभी घरी आली तोवर नागपूर मुंबई राज्यात गेलं होतं आणि शाहपूर मध्य प्रदेशात राहिलं होतं. "सरकारनं देश जोडला," चुडामणभाऊ म्हणाले, "अन् आपला डाक्टर तोडला."

पुढच्या हिवाळ्यात आशाबाईने निंबोल्याचा लीलाधर आणला, शाळामास्तर. "तोंड उघडू नको," तिने भावजयीला बजावलं. चुडामणभाऊंनाही तेच हवं होतं. पण पाहुण्यांनी पोह्यांची ताटली हातात घेत विचारलं, "पोरगी कशी आहे?" आणि मालूबाईने सांगून टाकलं.

"कधी गावाले जेवू घालते, कधी सवताच जेवत नही. बिमारी आहे, डाक्टर आहे. मधल्या दिवसांत तुमच्या-माह्यापेक्षा शहाणी."

पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले. चुडामणभाऊ ओरडले, "तू पोरीचं वाटोयं केलं!"

तेवढ्यात सुलभी आतून आली. लीलाधरची ताटली उचलून उरलेले पोहे खायला लागली. "बरं झालं, माय," ती म्हणाली. "त्याचे कान पाहिले का तू?" आणि हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. चुडामणभाऊंचा राग कुठल्या कुठे गेला; कान त्यांनीही पाहिले होते.

त्यानंतर मालूबाई बाजारभर फिरली. वाजंत्रीवाला, आचारी, टांगेवाला, सगळ्यांना सांगून आली, "सुलभीनं काही सांगितलं तर आधी मले इचारजा." काही जण हसले. एकाने "पागलची माय" म्हटलं. "हाओ," ती म्हणाली, "अन् तुही माय कोनाची आहे?"

सुलभी बापाबरोबर बागेत जायला लागली. केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिलं काढण्यात तिचा हात बापापेक्षा चपळ निघाला.

मग एका दुपारी ती काम टाकून घरी आली. "माय, मले लई बरं वाटून राहिलं."

दुसऱ्या घरी अशा बातमीला साखर वाटली असती. मालूबाईने आधी तिच्या डोळ्यांत नीट पाहिलं. "किती बरं?"

"लईच. तापीवर पूल कसा बांधायचा तेही कयून राहिलं." बोलता बोलता सुलभीने आईचा पदर पकडला. "नागपूरले चाल ना. मी तुहं ऐकून राहिली तोवरच."

चुडामणभाऊंनी गाडी जुंपली. बुऱ्हाणपूर स्टेशनापर्यंत सुलभी एक क्षण गप्प बसली नाही. आगगाडीत तिकीट तपासनीस आला तर त्यालाही तिने पूल समजावून सांगितला, खांबांसकट.

तो मालूबाईला म्हणाला, "लडकी बडी होशियार है, माँजी."

"हाओ ना, भैया," मालूबाई म्हणाली, आणि सुलभीचं मनगट घट्ट धरून तिने पुढचा खांब ऐकायला कान दिला.