एनो फ्रेमाची खोली

आग्या अम्पोफोचं घर म्हणजे अंगणाभोवती नऊ खोल्या, एक नळ आणि एक न्हाणी. संडास नाही. कुमासी शहराच्या त्या भागात अशी घरं पन्नास सापडतील आणि पन्नासही मालक एकच सांगतील, की गल्लीच्या टोकाला सार्वजनिक आहे की, सकाळी जरा लवकर उठायचं. आग्या म्हणजे बाप. सगळे भाडेकरू त्याला तसंच म्हणत, आणि तो मालक असूनही त्यांच्याच रांगेत उभा राहायचा. याचा त्याला कोण अभिमान!

नगरसभेची माणसं वर्षातून एकदा घर तपासायला येत. पिंपात डासांच्या अळ्या, तुंबलेलं गटार, असलं काहीबाही काढत. आग्या त्यांना सावलीत बसवी, गार पाणी देई, गोड बोले आणि ती जात. यंदा आली ती बोआतेमा. तिशीची बाई, कडक इस्त्रीची खाकी. तिने पाणी घेतलं, आभार मानले आणि पिशवीतून घराचा मूळ नकाशा काढला.

“आग्या, नकाशात या कोपऱ्यात संडास आहे. दाखवा बरं.”

आता खरं सांगायचं तर तो होता. टोपलीचा. मागच्या झडपेतून माणूस येऊन मैला उचलून न्यायचा. ते बंद झालं तेव्हा आग्याने जागा घासून धुतली, हातभर कोबा घातला, शेजारची लाकडं ठेवायची जागा आत घेतली, भिंतीला खिडकी ठेवली आणि खोली केली. त्या खोलीत गेली नऊ वर्षं एनो फ्रेमा राहत होती. आधी तिथे काय होतं हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि तिने तरी कशाला विचारावं?

“आहे की,” आग्या म्हणाला. “रंगाचं काम चाललंय. ओलं आहे सगळं.”

“मग गुरुवारी येते. तोवर वाळेल.” बोआतेमाने नकाशाची घडी घातली. “आणि नसेल तर आत्ताच सांगा. एकवीस दिवसांत त्याच जागी बांधायचा. नाहीतर कोर्टात उभं राहायचं.”

“नसायला काय झालं?” आग्या म्हणाला. जीभ एकदा घसरली की माणूस तिच्यामागून धावतच सुटतो, त्यातली गत.

दुसरीकडे बांधावा तर अंगणात जागा कुठे होती? एकीकडे नळ, एकीकडे चुली. म्हणजे संडास व्हायचा तर एनोची खोली जाणार. एनोला सत्तरी उलटलेली. ना मूल ना बाळ, मामपोंगला एक भाची तेवढी. ती कोपऱ्यावर शेगडी मांडून केळी भाजायची आणि शेंगदाण्यांबरोबर विकायची. आग्याची बायको आठ महिने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तिला रोज आंघोळ घातली ती एनोने. सख्ख्या नणंदा नाकाला पदर लावून दारातूनच परत जायच्या. हे आग्या विसरला नव्हता. एनोला बाहेर काढायचं नाही, एवढं त्याने पक्कं ठरवलं होतं. माणूस वाईट नव्हता हो. अक्कल मात्र त्या आठवड्यात कुठे गहाण ठेवली होती, कोण जाणे.

बुधवारी दुपारी, एनो शेगडीवर असताना, त्याने तिच्या दारावर लाल रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं: संडास.

तिसऱ्या खोलीतली अडोमा केस विणायचं काम करायची. ती हातातली वेणी सोडून उठली. “आग्या, अहो हे काय? पाप लागेल!”

“मग तिला रस्त्यावर बसवू? बोल ना!”

“तिला विचारा तरी.”

“काय विचारू? की बाई, दारावर संडास लिहू का? परवा पुसूनच टाकणार आहे. तू गप बस.”

अडोमा गप्प बसली. बाकीचेही बसले. एनोला वाचता येत नव्हतं, आणि अंगणातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. सगळा बेतच त्यावर उभा होता.

संध्याकाळी एनो परतली आणि दारासमोर थबकली. “काय रे अम्पोफो, हे काय रंगवलंस?”

“नंबर आहे, एनो. नगरसभेचा हुकूम. सगळ्या खोल्यांना घालायचेत.”

“एवढा लांब नंबर?”

“सरकारी आहे ना.”

“आणि आधी माझ्या दाराला?”

“तुमचा मान पहिला.”

एनो खूश झाली. दोन बोटांनी तिने रंग वाळलाय का ते पाहिलं. “झकास आहे. पण निळा बरा दिसला असता.”

“उद्या तपासणीवाली येईल,” आग्या तिच्याकडे न बघता म्हणाला. “दार आतून लावून बसा. कुणी वाजवलं तर ‘मी आहे आत’ म्हणा. उघडू नका. उगाच बायकामाणसांच्या खोल्यांत डोकावतात हे लोक.”

“बरं झालं सांगितलंस,” एनो म्हणाली आणि त्याच्या हातात एक भाजलेलं केळं ठेवलं. त्याने ते खाल्लं.

गुरुवारी बोआतेमा दहाच्या ठोक्याला आली. तिने दारावरची अक्षरं वाचली, नकाशा पाहिला, मान डोलावली आणि कडी वाजवली.

“मी आहे आत,” आतून आवाज आला.

“असू दे, असू दे,” बोआतेमा म्हणाली आणि नळाजवळच्या बाकावर बसली. आग्याला वाटलं होतं, बाई कागदावर खूण करील आणि जाईल. पण ती नुसती दारं मोजणाऱ्यांतली नव्हती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आग्याने हवापाण्याच्या गोष्टी काढल्या, त्या संपल्या. पाव तास झाला. अडोमाकडे केस विणून घ्यायला आलेल्या एका पोरीने फिस्सकन हसू सोडलं, आणि मग ते आवरेना. एकीचं पाहून दुसरी हसायला लागली.

बोआतेमा उठली. पुन्हा कडी वाजवली. “आई, तब्येत बरी आहे ना? पाव तास झाला तुम्ही संडासात आहात.”

मग बोल्ट सरकला. दारात एनो उभी होती, एका हातात कंगवा, मागे नीट घातलेला पलंग, भिंतीवर नवऱ्याचा फोटो, खुंटीला चर्चला जायचं पांढरं कापड.

“कुठला संडास?” ती म्हणाली. “ही माझी खोली आहे.”

एनोने आग्याकडे पाहिलं. तो नळाकडे बघत होता. मग ती बोआतेमाकडे वळली.

“पोरी, तू शिकलेली आहेस. माझ्या दारावर काय लिहिलंय?”

“जाऊ द्या ना, आई.”

“वाच.”

बोआतेमाने वाचलं. अगदी हळू वाचलं, पण अंगण एवढंसं.

“आणि तुझ्या त्या कागदावर?”

“तेच. जुना नकाशा आहे हा.”

“म्हणजे आधीपासूनच?” एनोने खाली कोब्याकडे पाहिलं. “नऊ वर्षं?”

“एनो, तुमच्याचसाठी केलं हो मी!” आग्या पुढे आला. “खोली जाऊ नये तुमची, म्हणून!”

“दार तुझं,” एनो म्हणाली. “पण हसत होते ते मला.”

तिने आत जाऊन सामान बांधलं. फार नव्हतंच. अडोमा रडत मदतीला गेली, तिला तिने हात लावू दिला नाही. दुपारच्या गाडीने ती मामपोंगला गेली. बोआतेमाने एकवीस दिवसांची नोटीस लिहिली, आग्याच्या हातात दिली आणि पाणी न पिता निघाली.

तिसऱ्या आठवड्यात आग्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन मामपोंगला पोचला. माफी स्वतःच्या तोंडाने मागायची नसते, वडीलधाऱ्यांनी मागायची असते. त्यांनी दारूची बाटली पुढे ठेवली आणि म्हातारा ओसेई बोलला, की चूक झाली, मूर्खपणा झाला, आणि अम्पोफो आपली स्वतःची पुढची खोली एनोला देतोय, मरेपर्यंत.

एनोने सगळं ऐकून घेतलं. बाटली घेतली, म्हणजे माफ केलं. तसं ती म्हणालीही, “माफ केलं. मनात काही नाही.”

“मग चला ना,” आग्याला राहवेना. रीत सोडून तो स्वतःच बोलला. “त्या खोलीत नका राहू. माझ्या राहा. संडास तिकडे कोपऱ्यात, तुम्हाला त्याचं तोंडसुद्धा दिसणार नाही.”

एनोने खांद्यावरच्या कापडाचं टोक उचलून नाकाशी नेलं.

“नऊ वर्षं मला कधी वास आला नाही रे, अम्पोफो. त्या दिवसापासून येतो. इथेसुद्धा येतो. भाचीने हे कापड तीनदा धुतलं, ती म्हणते काही नाही, साबणाचा आहे.” तिने ते टोक त्याच्यापुढे धरलं. “तू बघ बरं. येतो का?”